सीटच्या कापडाची बंडी

आत्या ज्या गिरणीत कामाला होती तिथे बसच्या सीटचं कापड निघायचं. जाडजूड, लवदार, निळ्यावर विटकरी आणि पिवळे चौकोन. मळ दिसू नये, लवकर विटू नये आणि कुणाला चोरून न्यावंसं वाटू नये, एवढीच त्या कापडाकडून अपेक्षा. शहरातला जवळजवळ प्रत्येक माणूस कधी ना कधी त्यावर टेकला होता आणि एकानेही ते नीट पाहिलेलं नव्हतं. आत्याला त्याचं काही वाटायचं नाही. "बसायलाच केलंय ते," ती म्हणायची, "फ्रेम करून भिंतीवर लावायला नाही."

उमेदीची सगळी वर्षं तिने मागांच्या धडधडाटात काढली. तिथे बोललेलं ऐकू येण्याचा प्रश्नच नव्हता. बायका एकमेकींच्या ओठांकडे बघून बोलायच्या. खात्याच्या एका टोकाची बाई दुसऱ्या टोकाच्या बाईला सासरची अख्खी कर्मकथा सांगायची आणि मधून फिरणाऱ्या मुकादमाला पत्ताही लागायचा नाही. आत्या त्यात पटाईत होती. पण गिरणी बंद पडेपर्यंत तिच्या कानांनीही काम सोडलेलं होतं. एकदम नाही, हळूहळू. आधी पाखरं गेली, मग कुकरची शिट्टी, मग फोन, मग माणसं.

हे तिने कुणाला सांगितलं नाही. मागावरची तिची एक मैत्रीण होती; ती बहिरी झाल्याचं घरात जाहीर झालं आणि त्या दिवसापासून तिला कुणी काही विचारेनासं झालं. भाजी कोणती करायची इथपासून घर कुणाच्या नावावर करायचं इथपर्यंत सगळं तिच्या डोक्यावरून. आत्याने ते डोळ्यांनी पाहिलं होतं. तेव्हा तिने आपले डावपेच ठरवून टाकले. खुर्ची नेहमी दाराकडे तोंड करून. पाहुणे आले की आपणच बोलायला सुरुवात करायची आणि शक्यतो थांबायचंच नाही. टीव्ही कुणी लहान आवाजात लावला की आजकालचे लोक तोंडातल्या तोंडात पुटपुटतात म्हणून ओरडायचं. फोन वाजल्याचं कळलं नाही तर "मुद्दामच उचलला नाही" म्हणायचं. लोक तिला तऱ्हेवाईक म्हणत. ते तिला परवडत होतं.

भावाची मुलगी फॅशन डिझाइन शिकायला शहरात आली आणि कॉलेज जवळ पडतं म्हणून आत्याकडे राहू लागली. पोरगी एका जागी ठरायची नाही, म्हणून आत्या तिला भिंगरी म्हणायची. पोरगी गुणी, पण आत्याच्या मते तिला दोन वाईट सवयी होत्या. चालताना पाय आपटायचे आणि खोलीत शिरण्याआधी दिव्याचं बटण उगाच खाली-वर करायचं.

"बटण मोडशील एक दिवस!" आत्या बजावायची. भिंगरी हसायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

शेवटच्या वर्षाला तिला एक मोठं काम मिळालं. घराण्यातून आलेलं कापड घ्यायचं, त्याला टाकाऊ सामानाची आणि नव्या तंत्राची जोड द्यायची आणि अंगावर घालता येईल असं काहीतरी करायचं. वर्गातल्या मुलामुलींनी पेट्या उघडल्या. कुणाच्या पणजीचं भरतकाम निघालं, कुणाच्या आजोबांनी हातमागावर विणलेली शाल. भिंगरी तोंड पाडून घरी आली.

"आपल्या घराण्यात काय आहे गं, आत्या?"

"गुडघेदुखी," आत्या म्हणाली.

पुढच्याच आठवड्यात भिंगरी दोन पोती ओढत जिना चढून आली. मागून एक उंच, चष्म्याचा, खिशातून तारा लोंबणारा मुलगा तिसरं पोतं घेऊन. हा विजेच्या सामानाचं शिकणारा तिचा मित्र. आत्याने त्याला तिथल्या तिथे वायरमन करून टाकलं. बस डेपोत जुन्या गाड्यांच्या सीटा उपटून प्लास्टिकच्या बसवत होते आणि मागच्या आवारात कापडाचा ढीग पडला होता. यांनी जाऊन मागितलं, तर तिथल्या माणसाने हात जोडले आणि सगळंच घेऊन जा म्हणाला.

आत्याने पोत्यातून एक तुकडा ओढला, उलटा केला, काठ चाचपला. काठात एक लाल धागा होता.

"हे आमच्या खात्यातलं," ती म्हणाली. मग वास घेऊन तिने नाक मुरडलं. "आणि ही घाण सगळ्या गावाची."

त्यानंतर घराचा धोबीघाट झाला. कापडाच्या पाठीला रबरासारखा लेप होता. तो कोमट पाण्यात भिजवून खरवडायचा, मग कापड झटकून वाळवायचं. आत्या बाह्या सारून त्यात उतरली. एका गोष्टीवर मात्र ती हटून बसली होती. लेप काढलेलं कापड उभं कापलं की त्याची लव झडणार, आठवड्याभरात अंगावर नुसती जाळी उरणार. "गिरणीत बघितलंय मी," ती म्हणाली. भिंगरीने ऐकून घेतलं, तरी कापलं. कडांना फाटक्या चादरींच्या तिरप्या पट्ट्या लावून दुहेरी शिवण मारली आणि तो तुकडा चारदा मशीनमध्ये धुऊन आणला. एक केसही निघाला नव्हता. आत्याने नखाने ओरबाडून पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि "बरं आहे" एवढं म्हणून चहा टाकायला गेली. तिच्या तोंडून एवढं ऐकायला मिळणं म्हणजे पुष्कळ झालं.

कापडाची बिनबाह्यांची बंडी तयार झाली. अस्तर जुन्या चादरींचं. वायरमनने पाठीवर मानेखाली दोन बारीक माईक बसवले आणि दोन्ही खांद्यांत मोबाईल थरथरवणाऱ्या असतात तसल्या मोटारी. जोडणीला तारा नव्हत्या. वीज वाहून नेणारा दोरा होता आणि तो पिवळ्या चौकोनांच्या कडेने अगदी नक्षीत मिसळून शिवलेला. मागून डावीकडे मोठा आवाज झाला की डावा खांदा थरथरायचा, उजवीकडे झाला की उजवा.

"सायकलवाल्यांसाठी आहे," भिंगरी तिच्यासमोर येऊन म्हणाली. "कानात गाणी लावून चालवतात ना, मागची गाडी कळत नाही त्यांना."

मापं मात्र आत्याचीच घेतली होती. बंडी घालून तिला बोळात उभं करायचे, वायरमन मागून टाळ्या वाजवायचा आणि आत्या थरथरलेल्या बाजूला वळायची. वळली की भिंगरीचा चेहरा असा काही खुलायचा की सांगता सोय नाही. सायकलवाल्यांची बंडी आपल्या अंगावर का, हे आत्याच्या मनात आलं होतं. तिने विचारलं नाही. विचारलं की उत्तर समजून घेणं आलं.

कॉलेजच्या प्रदर्शनाला आत्या ठेवणीतले कपडे घालून गेली. मोठा हॉल, पांढरे दिवे, रांगेने उभे, कपडे चढवलेले पुतळे. भिंगरीने तिला समोरच्या भिंतीशी खुर्ची दिली. परीक्षकांची मंडळी एकेका जागी थांबत भिंगरीपाशी आली. एक पिकल्या केसांची बाई बंडीवर हात फिरवत काहीतरी विचारत होती; तिची पाठ आत्याकडे होती. भिंगरीचं तोंड मात्र थेट समोर. मध्ये अख्खा हॉल, माणसांची ये-जा. आत्याला एकेक अक्षर दिसत होतं.

"कापड माझ्या आत्याच्या गिरणीतलं आहे," भिंगरी म्हणाली. "तिथेच तिचे कान गेले. तिला ऐकू येत नाही, पण ती ते कुणाला सांगत नाही. मध्यंतरी मागून आलेल्या सायकलने तिला पाडलं. कोपर सोललं होतं. घरी म्हणाली, दार लागलं."

आत्या उठली आणि चालू लागली. बस आली, ती चढली, खिडकीशी बसली. कोपराचंही माहीत होतं म्हणजे. परक्या बाईला सांगितलं, चारचौघांत, आणि ती बाई कशी मान हलवत होती!

भिंगरी घरी आली तेव्हा धापा टाकत होती. दिव्याचं बटण खाली-वर झालं. आत्या खिडकीकडे तोंड करून बसली होती. ती वळली नाही. भिंगरी फिरून तिच्यासमोर आली.

"न सांगता निघून आलीस? मी केवढ्या हाका मारल्या!"

"हाका?" आत्या म्हणाली. "कुणाला? बहिरीला?"

भिंगरीचा चेहरा उतरला. "तुला… पण तू तर तिकडे लांब होतीस."

"मी लांब होते. तुझं तोंड होतं ना जागेवर."

मग भिंगरी खाली बसली. "चुकलं माझं. त्यांनी विचारलं, बंडी कुणासाठी, आणि मला खोटं बोलता येईना."

"घरात कुणाकुणाला माहीत आहे?"

"सगळ्यांना."

"सगळ्यांना म्हणजे?"

"बाबांना, आईला, काकांना. खालच्या किराणावाल्याला. तो तुला हिशेब बोटांवर दाखवतो ना?"

आत्याला वाटत होतं, त्याला तशी लकब आहे. ती दिव्याच्या बटणाकडे बघत राहिली. भाऊ आला की नेहमी समोरच्याच खुर्चीत बसायचा. वहिनी स्वयंपाकघरात पाठ करून कधी बोलायची नाही. मिशी आवडायची, तरी भावाने ती काढून टाकली होती, त्यालाही आता बरीच वर्षं झाली.

"आणि तुम्ही कुणीच बोलला नाहीत?"

"तुलाच नको होतं," भिंगरी म्हणाली. "आम्ही कशाला बोलणार?"

आत्याला रडू आलं, पण तिने ते नाक शिंकरण्यावर नेलं. मैत्रिणीच्या घरासारखं इथे काही झालेलं नव्हतं. राहायला आले तरी भाजी कोणती करायची, हे लोक अजून तिलाच विचारत होते. राग लगेच गेला असंही नाही. चार-पाच दिवस ती भिंगरीशी तुटकच वागली आणि दुधाचं पातेलं मुद्दाम आपटलं, जे फक्त भिंगरीलाच ऐकू आलं.

प्रदर्शनात बंडीला बक्षीस मिळालं नाही. कापडाचं काम उत्तम, तंत्र अजून कच्चं, असा शेरा पडला. आत्याने तो वाचला आणि पहिल्यांदा बंडी घालून एकटी बाहेर पडली. परत आली ती वैतागून. वायरमनला बोलावून घेतलं.

"अरे, हा काय छळ आहे? कुत्रं भुंकलं की ढोसतं, शटर पडलं की ढोसतं, वारा सुटला तरी ढोसतं. मला मेलीला काय सगळ्या गावाच्या भानगडी कळायला हव्यात?"

"मग तुम्हाला काय कळायला हवंय, आत्या?" वायरमनने सावकाश, समोर तोंड करून विचारलं.

हे तिला इतक्या वर्षांत कुणी विचारलं नव्हतं, कारण विचारायला तिने जागाच ठेवली नव्हती. ती विचार करून म्हणाली, "दाराची बेल. सायकल नि गाडी. आणि कुणी मला हाक मारली तर तेवढं. बाकीचं जाऊ दे. आणि वजन कमी कर, खांदे भरून येतात."

हाक काही त्याला जमली नाही. बेल जमली, सायकलची घंटी आणि गाड्यांचे हॉर्न बऱ्यापैकी जमले. भिंगरीने पाठीतलं कापड काढून तिथे नुसती चादर घातली आणि बंडी निम्म्याने हलकी झाली. आत्या ती थंडीत रोज घालू लागली. दरम्यान ती भावाला घेऊन कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आली. यंत्र मिळालं. त्याने ताटं-वाट्यांचा खणखणाट डोक्यात जातो म्हणून ती ते फक्त टीव्हीपुरतं लावायची.

भिंगरीला पुढे दुसऱ्या शहरात नोकरी लागली, जुन्या कापडाच्या पिशव्या आणि जाकिटं करणाऱ्या एका कारखान्यात. वायरमन मात्र येत राहिला. एका रविवारी तो आईला घेऊन आला. तिला अलीकडे कमी ऐकू यायला लागलं होतं आणि ती ते मान्य करत नव्हती.

"मला सगळं ऐकू येतं," ती माउली दारातच म्हणाली.

"मलाही यायचं," आत्या म्हणाली. "बसा."

दोघी स्वयंपाकघरात समोरासमोर बसल्या. आवाज न करता ओठ हलवायचे आणि दुसरीने ओळखायचं. सुरुवातीला सगळंच चुकत होतं. तिसऱ्या-चौथ्या रविवारी वायरमन बाहेरच्या खोलीत बसला होता आणि आत अगदी शांतता होती. मग दोघी एकदम खो-खो हसायला लागल्या.

"काय झालं?" त्याने दारात येऊन विचारलं.

दोघींनी त्याच्याकडे पाहिलं, एकमेकींकडे पाहिलं आणि पुन्हा हसत सुटल्या. त्याला काही सांगितलं नाही.