कूलरच्या गाडीतून थंडीत

जानेवारीतला दुसरा शनिवार, सकाळ. हजर: मी, माझा नवरा, माझी आत्या. शिवाय एक जुना टेम्पो, ज्यात पलंग, गॅसची शेगडी आणि संडास बसवून नवऱ्याने त्याचं ‘फिरतं घर’ केलं होतं.

संडास आत्यासाठी. तिचे गुडघे वाकत नाहीत, तिला सारखं जावं लागतं आणि बस कोणासाठी मध्येच थांबत नाही. त्यामुळे अर्जुनी मोरगावच्या धाकट्या बहिणीला तिने कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. फोन निरुपयोगी, धाकटीला ऐकू येत नाही, समोरच्याचे ओठ पाहूनच तिला कळतं.

आमच्याकडे माणूस घर बांधतो तेच उन्हाळ्याशी वैर धरून. नवऱ्यानेही गाडीला सगळ्यात आधी कूलर लावला. त्यासाठी मागच्या पत्र्याला टीव्हीएवढं भोक. खिडक्यांना काचांऐवजी वाळ्याच्या ताट्या. ‘थंडीचं काय?’ असं मी विचारलं होतं. ‘अरे, थंडी कितने दिन की?’ हे उत्तर. पावसाचं विचारायची हिंमत झाली नाही.

चिचगडहून आत्याला घेतलं. धुक्यात आम्हाला रस्ता दिसत नव्हता; वाऱ्याला मात्र कूलरमधून आत यायचा रस्ता बरोबर सापडत होता. बंद असूनही त्या कूलरने इतकं उत्तम काम मे महिन्यात कधी केलं नसेल.

“जवाईबापू,” गोधडीतून आत्या बोलली, “मले बहिनीकडे नेऊन राहिले का बर्फाच्या कारखान्यात?”

“आत्याबाई, उन्हाळ्यात बघा या गाडीची मजा.”

“तवापर्यंत जगू तं द्या.”

जंगलाच्या रस्त्यावर तिला खोकल्याची अशी उबळ आली की मी गाडी परत फिरवायला सांगितली. ती माझ्यावरच उखडली.

“काऊन फिरवून राहिली? एकदा घरी गेली का मले पुन्हा बाहेर काढता का तुम्ही? आता थंडी म्हनान, मंग ऊन, मंग पानी. तिले पाहिल्याबिगर मी मरत नाही. चाल पुढं.”

आम्ही तिला पुन्हा बाहेर काढलं नसतं, हे खरंच होतं. पुढच्या गावात एका खळ्यावरून आम्ही धानाची तणीस, म्हणजे भाताचा पेंढा, मागून आणली. नवऱ्याने कूलर उतरवला. मुलीची पाठवणी करतानाही बाप एवढं तोंड पाडत नसेल. भोकात तणीस कोंबली, ताट्यांवर तणीस बांधली. गाडीत ऊब आली आणि धूळही. अर्जुनीपर्यंत तिघंही शिंकत गेलो. संडास आत्याने दोनदा वापरला. “हे एक काम जमलं तुम्हाले,” असं प्रशस्तिपत्र जावयाला मिळालं.

धाकटी दारातच उभी होती. मागून तणीस लोंबणारी गाडी पाहून ती मला म्हणाली, “बैल आनला का वं?”

“मी हाय, मी!” थोरली आतून ओरडली. अर्थात ते ऐकू गेलं नाही. शेवटी धाकटी स्वतःच आत चढली, बहिणीची हनुवटी धरून तिने तिचं तोंड उजेडाकडे वळवलं आणि म्हणाली, “आता बोल.”

माझ्या वेळापत्रकात दुपारचा चहा घेऊन निघायचं होतं. चहा झाला, दुसरा झाला. दोघी बोलतच होत्या.

“आत्या, निघायचं ना?”

“तुम्ही जा. मले मंग न्या.”

“केव्हा?”

“तू सारं लिहून ठेवतेस नं? हेही लिव.”

लिहिलं. फेब्रुवारी सरत आला. दर रविवारी आत्याच्या मोबाइलवर फोन करते, ती “पुढच्या हप्त्यात” म्हणते आणि तिकडे कोणाशी तरी मोठमोठ्याने हसत फोन ठेवते. चिचगडच्या तिच्या घराची किल्ली माझ्याकडे आहे. आत्याला घरी आणणं बाकी आहे.