काट्याचा जुना ड्रायव्हर

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मी पुण्यातल्या एका छोट्या संगणक कंपनीत होते. कंपनी स्वतःची यंत्रं बनवायची आणि त्यांवर चालणारी ऑपरेटिंग सिस्टिमही स्वतःच लिहायची. त्या सिस्टिममधली एक जुनी पद्धत काढून टाकायचं काम माझ्याकडे आलं, आणि ते काही केल्या संपेना.

प्रिंटर असो की वजनकाटा, संगणकाला जोडलेल्या प्रत्येक यंत्राशी बोलायला ड्रायव्हर नावाचा एक छोटा प्रोग्राम लागतो. जुन्या पद्धतीत हा ड्रायव्हर यंत्राला विचारायचा आणि उत्तर येईपर्यंत तिथंच अडून राहायचा. तेवढा वेळ त्याच संगणकाला जोडलेले बाकी सगळ्यांचे पडदे गोठायचे. नव्या पद्धतीत तो विचारून मोकळा व्हायचा, उत्तर तयार झालं की यंत्रच हाक मारायचं. पण गिऱ्हाइकांचे ड्रायव्हर जुन्या पद्धतीवर चालत होते, त्यामुळं ती काढता येत नव्हती. प्रत्येक दुरुस्ती दोन जागी करायची, दोन जागी तपासायची. मी पार कंटाळले होते.

एकेक ड्रायव्हर बदलत शेवटी एकच उरला. परंड्याकडच्या एका सहकारी साखर कारखान्यातला, ऊस तोलायच्या काट्याचा. तो ड्रायव्हर आणि ती जुनी पद्धत, दोन्ही माझ्या वरिष्ठांनी, म्हणजे आमच्या सरांनीच लिहिलेली. कंपनीच्या मालकांनी सरांना आणि मलाच तिकडं पाठवलं. कुर्डुवाडीला रेल्वेतून उतरून आम्ही एसटीत बसलो. मी लोहाऱ्याची, दुष्काळ मला नवा नव्हता. तरी त्या वर्षी खिडकीबाहेर बघवत नव्हतं.

कारखान्यातला ऑपरेटर म्हणाला, "रोज मशीन चालू केलं की पडद्यावर येतंय, जुनी पद्धत बंद होणार म्हणून. आमी एंटर मारतो अन् कामाला लागतो." ती सूचना मीच टाकलेली होती.

दुसऱ्या दिवशी नवा ड्रायव्हर बसवला, पण तपासायला ऊसच नव्हता. गाळप आटपत आलेलं, आवारात एकही गाडी नाही. तेवढ्यात कामगारांच्या वस्तीचा पाण्याचा टँकर फाटकातून आत आला. ऑपरेटरनं तोच काट्यावर घ्यायला लावला. टँकरमधलं पाणी हिंदकळत राहिलं, आकडा स्थिर होईना, त्यामुळं काट्याची हाक काही येईना. माझा ड्रायव्हर त्या हाकेची वाट बघत बसला. मीही.

फाटकाशी घागरी घेऊन बसलेल्या बायका उठून आल्या.

"ओ बाई, पाणी प्यायचं हाय का तोलायचं?"

"मावशी, जरा थांबा. आत्ता सोडते."

"सकाळपासून थांबलोयच की आमी!"

मी सरांकडे बघितलं. "जाऊ दे त्याला," ते म्हणाले.

"मग तपासायचं कशावर?"

"जाऊ दे म्हणतोय ना."

टँकर वस्तीकडे गेला. बायका घागरी उचलून त्याच्या मागं पळाल्या. सर काट्याजवळच्या ओट्यावर बसले, रुमालानं मान पुसली.

"हा काटा जोडला तेव्हा पहिली बैलगाडीच आली," ते म्हणाले. "बैल उभे राहीनात, आकडा हलत राहिला. म्हणून मी ड्रायव्हरला थांबायला लावलं. आकडा बसेपर्यंत हलायचं नाही. तेव्हा एकच पडदा होता गं. थांबल्यानं कुणाचं काही अडत नव्हतं."

"आता काय करू?"

"हाकेसाठी थांबू नकोस. थोड्या थोड्या वेळानं परत विचार. मधे बाकीच्यांची कामं होऊ देत."

दुपारभर त्या पत्र्याच्या खोलीत घामाघूम होत आम्ही ते लिहिलं. उन्हं कलल्यावर उरल्यासुरल्या उसाची एक गाडी आली. बैल नेहमीसारखे हलत राहिले, पण मधेच क्षणभर थांबले तेव्हा आकडा आला. दुसऱ्या पडद्यावर ऑपरेटरचं टायपिंग चालूच होतं.

"अडकलं न्हाय की हो!" तो म्हणाला. मला आनंद व्हायला हवा होता. मला फक्त आडवं व्हायचं होतं.

पुण्याला आल्यावर सिस्टिममधून जुना भाग काढायचा राहिला होता. मी सरांना विचारलं, "तुम्ही काढता का?"

"तूच काढ."

पण मी काढायला बसले तेव्हा ते खुर्ची ओढून शेजारी आले. माझ्याकडून एक तुकडा राहिला होता. त्यांनी बोट ठेवलं. "हेही घालव. नाहीतर कुणीतरी परत वापरेल." तोही गेला. सिस्टिम मुकाट्यानं चालू झाली. सर उठून चहाला गेले.

पुढच्या हंगामात ऊसच नव्हता, कारखान्याचा बॉयलर पेटलाच नाही. नवा ड्रायव्हर कसा चाललाय ते विचारायला मी फोन केला तर ऑपरेटर म्हणाला, "मशीनवर कापड टाकून ठेवलंय. धूळ लई."

मी सरांना सांगितलं. ते "बरं" म्हणाले आणि जेवायचा डबा उघडला. मीही माझा घेऊन त्यांच्यासमोर बसले.