आरसा बोलतो व्हय?

खुर्ची मागे सरकवायची असली की दाजी आधी थांबायचे. दोन्ही हात टेबलावर, नजर समोर. मागून मेव्हण्याचा आवाज यायचा, "येऊ द्या दाजी, येऊ द्या, येऊ द्या... बास!" मग खुर्ची भिंतीपासून चार बोटांवर थांबायची आणि दाजी उठायचे.

तुम्हाला वाटेल, थट्टा करत असतील. मलाही पहिल्या दिवशी तसंच वाटलं होतं. पण दोघांपैकी कोणीच हसत नव्हतं.

सोलापुरात परदेशी नोकऱ्या लावून देणारं एक ऑफिस आहे. तिथे मी ट्रक ड्रायव्हरांकडून लेखी परीक्षेची तयारी करून घेते. मला स्कूटीसुद्धा जपूनच चालवता येते. पण शाळा इंग्रजी माध्यमाची, एवढी पात्रता आमच्या सरांना पुरली. सरांनी भिंतीवर बर्फातल्या ट्रकचं मोठं पोस्टर लावलंय. त्याच्याखालचा कूलर भर उन्हाळ्यात बंद असतो.

दाजी टेंभुर्णीचे. अर्धं आयुष्य हायवेवर, तेही दुसऱ्याच्या गाडीवर. बायकोचा थोरला भाऊ हाच त्यांचा क्लीनर. तो दाजी म्हणायचा, म्हणून आम्हीही म्हणू लागलो. दोघांचं ठरलेलं होतं. दाजींनी काही वर्षं तिकडे, बर्फाच्या देशात काढायची, परत येऊन स्वतःची गाडी घ्यायची आणि तिच्या मागे मेव्हण्याचं नाव रंगवायचं.

त्या थंड देशाचे नियम मी त्यांना समजावून सांगायचे. इथलं लायसन तिथे काही महिनेच चालणार. मग तिथली लेखी परीक्षा, डॉक्टरांची तपासणी, व्यावसायिक ड्रायव्हरचं वेगळं कार्ड. ट्रक चालवता येतो का, ही चौकशी इतकी शेवटी होती की तिथवर पोचेपर्यंत माणूस चालवणं विसरून जावा.

सराव परीक्षेत एक प्रश्न होता : पुढे सायकलवर एक म्हातारी चालली आहे, काय कराल? दाजींनी चारही पर्याय मला पुन्हा वाचायला लावले.

"मॅडम, ह्यात हॉर्न कुटं हाय?"

"नाहीये."

"मग म्हातारीला कळणार कसं?"

"कळवायचं नाही. तिच्या मागे हळू जायचं."

"लई सोसणारा देश दिसतोय," मागून मेव्हणा म्हणाला.

खरा पेच पुढे होता. "गाडीत ड्रायव्हर एकटाच असेल," मी वाचलं. माझा आवाज मुळातच बारीक. दाजींना वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"परत वाचा की."

मी परत वाचलं.

"मग मागं कोण बगणार?"

"आरसे असतात."

"आरसा बोलतो व्हय?"

"अहो, तिकडे सिस्टीम असते," सर मधेच म्हणाले. संध्याकाळी आपली कार गल्लीतून मागे घेताना त्यांनी मेव्हण्यालाच हाक मारली, "जरा बघा हो मागे."

प्रत्यक्ष परीक्षा होटगीकडच्या माळावर झाली. तिकडच्या कंपनीचा एक गोरा साहेब आला होता, मी दुभाषी. सरांनी मेव्हण्याला कुंपणाबाहेर उभं केलं आणि बजावलं, एक शब्द काढलात तर दाजी नापास. त्याने खांद्यावरच्या टॉवेलने आपलं तोंडच बांधून घेतलं.

पुढे नेण्याचं काम दाजींनी सुरेख केलं. मग नारिंगी शंकूंच्या मधे ट्रेलर रिव्हर्स घ्यायचा होता. ट्रेलर थांबला, तो थांबूनच राहिला. साहेबाने घड्याळ पाहिलं. दाजी कशाची वाट बघताहेत, ते मला कळत होतं. कुंपणापलीकडे टॉवेलच्या वर दोन डोळे तेवढे दिसत होते.

आणि केबिनमधून आवाज आला. "येऊ द्या दाजी, येऊ द्या..." हुबेहूब मेव्हण्याची ढब, पण तोंड दाजींचं. स्वतःलाच अहोजाहो करत त्यांनी ट्रेलर इंच इंच मागे आणला. "बास!" ट्रेलर शंकूंच्या मधोमध.

साहेबाने मला विचारलं, हे कोणाशी बोलताहेत?

"त्यांच्या मदतनिसाशी."

"तो कुठे आहे?"

"गाडीत नाहीये," मी म्हटलं. कुंपणाकडे बघायचं मी टाळलं. साहेबाने नियम चाळले. स्वतःशी बोलण्याविरुद्ध त्यांत काहीच नव्हतं. दाजी पास झाले.

मेव्हण्याने टॉवेल सोडला. "बास म्हणायला जरा उशीरच केला," एवढंच म्हणाला.

दाजी तिकडे गेले. मेव्हण्याच्या साध्या फोनवर चेहरा दिसत नाही, म्हणून तो अधूनमधून ऑफिसात येतो आणि माझ्या मोबाइलवरून बोलतो. परवा दाजी केबिनमध्येच होते. खिडकीबाहेर पांढरंच पांढरं, आणि आरशात मागच्या कुठल्यातरी गोदामाचं दार.

"आता रिव्हर्स घ्यायचीय. गाडी चालवताना फोन नियमात न्हाय, मॅडमनीच शिकवलंय. ठेवतो," दाजी म्हणाले. स्क्रीन काळी झाली.

मेव्हण्याने फोन परत दिला नाही. तो काळा पडदा तसाच समोर धरून तो म्हणत राहिला, "येऊ द्या दाजी... येऊ द्या... येऊ द्या..." घाई न करता, मधेच थोडं डावीकडे झुकून. मग त्याने टेबलावर एक थाप मारली.

"बास."

थोडा वेळ तो कान देऊन बसला.

"लागली असंल नीट," म्हणाला, आणि फोन माझ्या हातात दिला.