भाताशेजारचं केळं

गरम भाताशेजारी केळं ठेवलं, की हॅमिल्टनच्या लाँड्रीतली ती जेवणाची सुट्टी आठवते. लग्न होऊन या परक्या देशात आलेली मी, नववीत शाळा सुटलेली, तिथे कामाला लागले होते. मला सांभाळून घेतलं ते माझ्याबरोबर काम करणाऱ्या सोमाली मावशीनं. ती भाताबरोबर केळं खायची, अर्धं मला द्यायची. त्या दिवशी मात्र डबा उघडा होता आणि केळं तसंच. तिकडे तिच्या देशात, मोगादिशूत, तिच्या भावाचं चहाचं दुकान परदेशी सैनिकांच्या छावणीसमोर होतं. तिथे अतिरेक्यांनी हल्ला केला होता आणि भावाचा फोन लागत नव्हता. "सैनिक राहिले तरी हे अतिरेकी येतात, गेले तरी येतात," ती म्हणाली. "आमचं सरकार कधी गं उभं राहणार?" मी तिचा हात धरून बसले. तेवढ्यात फोन वाजला. ती रडता रडता कुणाला तरी रागावू लागली. "दुकान गेलं, भाऊ वाचला," ती मला म्हणाली. "आणि म्हणतो, पुन्हा तिथेच उघडीन, सैनिकच तर गिऱ्हाईक. मूर्ख कुठला!" मग तिनं केळं सोललं, अर्धं माझ्या पोळीवर ठेवलं. आता मीही भाताशेजारी केळं ठेवते. पण आधी गावी फोन लावते, आणि आईचा आवाज आला की मगच ते सोलते.