निळ्या टोपीचा स्वार

झूराकानला गोष्टी सांगता येतात, गप्प बसता येत नाही. नारीन नदीकाठच्या तिच्या गावात लग्न असो की पाळणा, पऱ्या आणि सात डोक्यांची राक्षसीण घेऊन बाई हजर. तिच्या प्रत्येक गोष्टीत मध्येच एक निळ्या टोपीचा स्वार येई, "चहा उकळला का?" एवढंच विचारी आणि निघून जाई. तो कोण, हे तिनं कधी सांगितलं नाही. कुणी म्हणे पीर, कुणी म्हणे हेर. दोन साडूंची तर त्यावरून बोलचाल बंद झाली.

खरं म्हणजे पुढचं आठवेनासं झालं, की झूराकान त्याला पाठवायची. तो घोडा वळवेपर्यंत आपण चहाचा घोट घ्यायचा आणि आठवायचं, बस्स.

यंदा शेजारचे मामबेताली, ज्यांना सगळे मानानं आके म्हणत, अंथरुणाला खिळले. डॉक्टरांनी हात टेकले. म्हाताऱ्यानं एकच हट्ट धरला, "तो स्वार कोण, हे कळल्याशिवाय मी काही जायचा नाही." आणि झूराकानला बोलावणं धाडलं.

त्यांच्या बायकोनं, बात्मानं, तिला अंगणातच गाठलं. "सांगू नकोस गं बाई. त्या हट्टापायीच चार घास जातायत त्यांच्या पोटात. कळलं की डोळे मिटतील."

झूराकान तोंडाला कुलूप लावून आत गेली. पण तो वाळलेला चेहरा बघून तिला भडभडून आलं. "आके, मलाच माहीत नाही तो कोण. अडले की पाठवते, वेळ मारून न्यायला." बोलून बसली आणि तिनं जीभ चावली. दारात बात्मानं कपाळावर हात मारला.

 आके खोकत खोकत हसायला लागले. "अख्ख्या गावाला नाचवलंस, आणि तुलाच ठाऊक नाही? लबाड कुठली. बस इथं, मी सांगतो. बात्मा, उशी दे पाठीला."

आणि सुटलेच की! स्वाराची आई, तिचं भांडण, ती टोपी कुणी शिवली, सगळं. बात्मानं पुढ्यात ठेवलेले बोर्सोक, कणकेचे तळलेले तुकडे, त्यांनी बोलण्याच्या नादात फस्त केले. झूराकान जन्मात पहिल्यांदा तोंड मिटून ऐकत होती. एवढ्यात गोष्टीतून लाल बादली घेतलेली एक बाई नदी ओलांडून गेली.

"आता ही कोण?" झूराकाननं विचारलं.

"तिचं उद्या," म्हणत आके कुशीवर वळले. तिनं किती गयावया केली, पण म्हातारा बधेना.

कित्येक दिवसांत त्या घरात कुणी उद्याचं नाव काढलं नव्हतं. बात्मा लगबगीनं पीठ मळायला गेली.