वजा पाच टोपल्या

लग्न होऊन मी पिंपळगाव राजाहून मलकापूरला आले तेव्हा चौथी पास होते. आमचे हे रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून. मी मिडलची परीक्षा द्यावी असं त्यांच्याही मनात होतं, म्हणून संध्याकाळी ओसरीवर ते मला शिकवायला बसत. गणितात माझं डोकं आधीपासूनच चाले. अपूर्णांक, त्रैराशिक भराभर झालं. अडलं ते बीजगणितात शिरताच.

"वजा पाच म्हणजे शून्याहून पाचाने कमी," ते म्हणाले.

"शून्य म्हणजे काहीच नाही ना? मग त्याहून कमी कसं असेल?"

"असतं. वजा पाच आणि अधिक पाच मिळून शून्य. नियमच आहे, पाठ करून टाक."

"समजल्याशिवाय मी पान उलटणार नाही."

ते रागावले नाहीत, पण पान तिथेच राहिलं.

रविवारी सकाळी सीताफळाचं रोप लावायला मी परसात खड्डा खणत होते. कुदळीने माती उकरायची, टोपलीत भरायची आणि बाजूला ओतायची. पाचवी टोपली ओतली आणि कंबर सरळ करून उभी राहिले. समोर ढीग, पायाशी खड्डा. सकाळी इथे सपाट जमीन होती. ढीग नव्हता, खड्डाही नव्हता. दोन्ही बरोबरच झाले होते, एकाच मापाचे. आणि खड्ड्याला 'काहीच नाही' कोण म्हणेल? अंधारात पाय गेला तर मोडायचा. काहीच नाही ती सपाट जमीन. ते शून्य!

"अहो, लवकर या इकडे!" मी ओरडले.

आधी सासूबाई धावत आल्या. "काऊन वं, साप निंघाला काय?"

"साप नाही, वजा पाच निघाले!"

हे आले. मी खड्डा दाखवला, "हे वजा पाच टोपल्या." ढीग दाखवला, "हे अधिक पाच." आणि सगळी माती परत खड्ड्यात लोटली. "झालं शून्य."

ते खाली बघून हसू लागले. खड्डा भरून वर चांगला उंचवटा राहिला होता. "शून्य कुठे? माती तर उरली!"

"उरली नाही, फुलली आहे. थांबा." मी बादलीभर पाणी ओतलं, पदर खोचला आणि माती तुडवली. ती जवळजवळ जमिनीबरोबर बसली.

त्यांनी पायाने माती दाबून पाहिली. मग म्हणाले, "वजा सात आणि अधिक चार?"

"सात टोपल्यांचा खड्डा, त्यात चारच टाकल्या. तीन टोपल्यांचा खड्डा राहिला. वजा तीन."

"अन् आता रोप कुठी लावतं?" सासूबाईंनी विचारलं.

यांनीच मुकाट्याने कुदळ उचलली.

त्या संध्याकाळी पान उलटलं, आणि पुढची बरीच पानं मी एकटीनेच उलटली. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं. पेपर नागपूरहून येत आणि परीक्षेला आम्हाला अकोल्याला जावं लागे. गणिताचा पेपर देऊन मी बाहेर आले तेव्हा हे फाटकाशी उभे होते.

"कसा गेला?"

"सगळी उदाहरणं बरोबर आहेत," मी म्हणाले. ती बरोबर होतीही.