संकलकाचं नाव

सुलभाताई नसत्या, तर त्या कागदावर माझं नाव आलंच नसतं. विद्यापीठाच्या वनस्पती-संग्रहात त्या वाळवलेली रोपं जाड कागदावर टाके घालून बसवतात. मी शिष्यवृत्तीवर आलेली. सातवीत शाळा सोडून शेळ्यांमागे गेलेली आणि फार उशिरा पुन्हा पुस्तकाकडे वळलेली. इथे आपण चुकून आलोय, असं रोज वाटायचं.

ज्या कातळपठारावर मी शेळ्या चारल्या, त्या आमच्या सड्यावरून मी आणलेलं निळं फूल कागदावर चढलं. खालच्या चिठ्ठीत ‘संकलक’, म्हणजे रोप गोळा करणारा, या शब्दापुढे मी घाबरून आमच्या विभागातल्या सरांचं नाव लिहिलं.

“सर गेले होते का गं शेळ्यांमागे?” ताई हसल्या. नवी चिठ्ठी पुढे सरकवत म्हणाल्या, “लिही तुझं.”

मी लिहिलं. खिडकीतलं ऊन हळूच कागदावर उतरलं. वाळलेल्या पाकळ्यांत अजून निळाई होती. वाटलं, वाया गेली म्हणतात ती माझी वर्षंही अशीच कुठेतरी दडपून राहिली असतील, आपला रंग धरून.

ताईंनी आयुष्यभर फुलं शिवली, पण फुललेला सडा कधी पाहिला नाही. ताई, एक दिवस मी तुम्हाला तिथे नेईन आणि हेच फूल वाऱ्यावर डोलताना दाखवीन.